न सांगता बंद

शनिवारी भर दुपारी कोरेगावच्या पेठेत एक उंच माणूस बंद पडलेला फोन कानाला लावून उभा होता. आणि बोलत होता.

"आत्या… पा म्हंजे? पा म्हंजे किती, आत्या?"

फोन बंद पडून दहा मिनिटं झाली होती. त्याला सोडून हे सगळ्या पेठेला कळलं होतं. समोरच्या रसवंतीवरचा बैल म्हणे फेरा अर्धा टाकून बघत राहिला होता. बैलाचं मला खात्रीनं सांगता यायचं नाही. पण रसवंतीशेजारच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातली मुलगी बघत होती, हे मात्र खरं.

तिचं नाव प्रियदर्शनी. सुभेदार हिंदुरावांची थोरली. हातात बारका स्क्रू ड्रायव्हर, डोळ्यांवर भिंग, आणि नाकाच्या शेंड्यावर सदानकदा थोडासा वैताग. पाण्यात पडलेला, ट्रॅक्टरखाली सापडलेला, एकदा तर म्हशीनं चघळलेला फोनसुद्धा तिनं चालू करून दिला होता. न जमलेला फोन तिच्या दुकानातून आजवर परत गेला नव्हता.

"ओ दादा, फोन बंद आहे तुमचा."

तिनं त्याला दादा म्हटलं ते तेवढंच. पहिलं आणि शेवटचं.

"न्हाई वो. आत्या बोलती हाय. जरा दम खाती."

"काचेत बघा, तोंड दिसेल तुमचं. चालू फोनमध्ये तोंड दिसत नाही."

त्यानं फोन कानावरून काढला, काचेत बघितलं, आणि स्वतःच्याच तोंडाला म्हणाला, "व्हय की… गेला."

तो कुंडलचा. धोंडुआत्यानं त्याला कोरेगावला पिटाळलं होतं, वाघ्या घेवड्यासाठी. किती आणायचा ते ती फोनवर सांगत होती. 'पा' म्हणाली आणि फोन मिटला. आता पाव किलो, पाच किलो, का पन्नास?

"बंद पडायच्या आधी त्यानं सांगितलं असेल की," प्रियदर्शनी फोन चार्जिंगला लावत म्हणाली. "पंधरा टक्के राहिले की आवाज येतो. वर पट्टी येते. आकडा लाल होतो."

"कुणाला सांगितलं? मला तर न्हाई सांगितलं."

"सगळ्यांना सांगतो."

"मला न्हाई. महिना झाला. उभ्या उभ्या डोळं मिटतोय."

तिला तो धंद्याचा अपमान वाटला. तिनं पावती ओढली. "नाव?"

"धैर्यशील."

तिनं भिंग वर केलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. गुडघ्यापर्यंत वाळलेल्या मातीचा पट्टा, मनगटावर उन्हानं काढलेली घड्याळाची पांढरी खूण, आणि चेहऱ्यावर अशी निवांत शांतता, की बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागावा. नाव ठेवणाऱ्यानं बरोबरच ठेवलं होतं. फक्त हा गुण त्याच्यापेक्षा त्याच्या समोरच्या माणसाला जास्त लागायचा.

सूचना चालू होती. आवाज चालू होता. बॅटरी ठणठणीत होती. मग घंटी वाजत का नव्हती?

"सोमवारी ठेवून जा फोन. बुधवारी न्या. माझ्यासमोर उतरू दे, बघते कसा बोलत नाही ते."

"सोमवार चाललं," तो म्हणाला. "गुरुवार ते रविवार आमच्याकडं शेताला दिवसाची लाईट असती. त्या दिवसांत मी रानातनं हलत न्हाई. आज आत्यापुढं काय चाललं न्हाई म्हणून आलो."

जाताना त्यानं आत्याला फोन लावला, पण मधेच फोन ठेवला म्हणून आत्या रुसली होती. तिनं उचलला नाही. मग त्यानं आपल्या हिशेबानं पन्नास किलो घेतला. आत्याला पाव हवा होता. कुंडलात पुढं तीन आठवडे कुणाच्याच चुलीवर दुसरी भाजी शिजली नाही, आणि पाहुण्यांनी गाव टाळून पलूसवरून वळसा घ्यायला सुरुवात केली, असं लोक सांगतात.

सोमवारी फोन आला. मंगळवारी संध्याकाळी प्रियदर्शनीच्या काउंटरवर पंधरा टक्क्यांना असा सुरेल वाजला, की रसवंतीवाल्यानं मान डोलावली. बुधवारी परत चार्ज केला, परत उतरवला. परत वाजला.

"माझ्यासमोर शहाण्यासारखा वागतो मेला," ती म्हणाली.

"मी बी," फोन न्यायला आलेला धैर्यशील म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई."

तिनं कागदावर आपला नंबर लिहून दिला. निव्वळ दुरुस्तीसाठी. "रानात असताना फोन करायचा. टक्के सांगायचे. कुठं बिघडतंय ते पकडू."

गुरुवारी अकरा वाजता फोन आला.

"सत्तावीस."

"बरं. पुढं?"

"पुढं… उसाला तुरं आल्यात. वारा सुटला की पांढरं पांढरं हालतंय सगळं. तुमी कवा बघितलंय का?"

"ऊस बघितलाय मी. टक्के सांगा."

"सव्वीस."

"आता?"

"आता बी सव्वीस. इतक्यात कुठं उतरतंय… गडबड हाय का तुमाला?"

गडबड होती. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. पण तिनं फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला आणि स्क्रू पिळत राहिली. तो सांगत होता, ओल्या सरीतून चालताना चप्पल कशी हातात घ्यावी लागते, बांधावरचा टिटवीचा जोडा त्याच्यावर कसा रोज त्याच वेळी ओरडतो. टक्के सांगायचे दोघंही विसरले. फोन कानाला असल्यावर आकडा दिसणार तरी कसा?

"प्रियदर्शनी, तुमचा आवाज फोनवर लय—"

गेला.

लय काय? बारीक? मोठा? चिडका? ती संध्याकाळपर्यंत मनात शब्द बसवून बघत राहिली. एकही चपखल बसेना. आणि दुकानात सगळे तिला ताई म्हणत असताना या माणसानं तिचं एवढं लांबलचक नाव असं सावकाश, एकही अक्षर न गाळता घेतलं होतं… त्याचा वेगळाच वैताग.

शुक्रवारी, "काल मला सपान पडलं, त्यात तुमी आन मी—" गेला.

रविवारी, "एक विचारू का? राग नका मानू. तुमास्नी माझं—" गेला.

तीन दिवस, तीन अर्धी वाक्यं! नीट चालणारी बॅटरी, नीट चालणारा फोन, आणि हा माणूस नेमका ऐन क्रियापदापाशी बंद पडतो. पुढचा आठवडाही असाच अर्धा अर्धा गेला. तिनं एक मोटोरोलाच्या काळातला चार्जर रागानं भिंतीवर फेकला. तो चालू झाला म्हणतात.

तिसऱ्या सोमवारी धैर्यशील आला तेव्हा तिनं ठरवलंच होतं, आज फोनच्या आतलं एकेक दार उघडायचं. तो समोरच्या बाकावर बसला. उसाचा रस मागवला, दोन ग्लास. एक तिच्या कोपराजवळ सरकवला, तिच्याकडे न बघता. आल्याचा वास दरवळला. ती खाली मान घालून एकेक पान उघडत गेली… आणि सापडलं.

शांत राहायचं वेळापत्रक. गुरुवार ते रविवार, सकाळी आठ ते दुपारी चार. त्या वेळेत फोननं तोंड उघडायचं नाही. घंटी नाही, पट्टी नाही, काही नाही. सोमवार ते बुधवार सगळं सुरळीत. म्हणून तर तो तिच्या काउंटरवर इतका गोड वाजत होता! इतकं साधं. बोटाच्या एका टोकानं होणारं काम.

तिनं बोट उचललं, आणि खालची ओळ दिसली.

या वेळेत फक्त एकाच व्यक्तीचा फोन वाजू द्यावा: राणी.

तिच्या दुकानात पाटी होती, 'आम्ही ग्राहकांचे फोटो, मेसेज, नंबर पाहत नाही.' पाटी तिनंच रंगवली होती. आता 'कोण हो ही राणी?' असं विचारायचं कुठल्या तोंडानं? आणि विचारायचं तरी कशासाठी? गिऱ्हाईक आहे तो. त्याला राण्या असतील नाहीतर जोकर असतील…

तिनं ते पान होतं तसं बंद केलं.

"घावलं का?"

"नाही."

"न्हाई?"

"नाही म्हटलं ना. कराडला दाखवा कुणाला तरी. मला जमत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा ती असं म्हणाली. तिच्या तोंडाला त्या शब्दांची सवयच नव्हती. ते वाकडे बाहेर पडले. धैर्यशील उठला. तिच्या न प्यायलेल्या रसाकडे बघत राहिला.

"माझं काय चुकलं का?"

"फोन घ्या तुमचा."

इकडं घरात सुभेदार हिंदुराव घड्याळाकडे बघत होते. खरं म्हणजे घड्याळच त्यांच्याकडे बघून आपली वेळ लावायचं, असा आळीत लौकिक होता. पाटणचं स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, फोटोत सरळ उभा राहिलेला. प्रियदर्शनी दोन आठवडे 'बघते', 'सांगते' म्हणत होती.

"ये सब नहीं चलेगा," सुभेदार म्हणाले. "शनिवारी सतरा शून्य शून्य. पाच वाजता मी फोन करणार. हो किंवा नाही. नाही असेल तर कारण पाहिजे. कारण नसेल तर मी पाटणला हो कळवणार."

कारण! कारणाच्या फोनमध्ये दुसरीच राणी बसली होती. हो म्हणून मोकळं व्हावं, असं तिनं चार वेळा ठरवलं. चारही वेळा जीभ उचलली नाही.

शनिवारी अकराला त्याचा फोन आला. घ्यायचा नाही असं ठरवून तिनं दुसऱ्या रिंगला घेतला.

"सोळा टक्के—"

"टक्के राहू द्या. आज पाच वाजता मला पाटणच्या स्थळाला उत्तर द्यायचंय."

पलीकडं टिटवी ओरडली.

"मग… तुमी काय सांगणार?"

"मी काय सांगू?"

"मी कसं सांगू, तुमी काय सांगायचं ते?"

"अहो, तेच तर विचारतेय!" तिच्या हातातला स्क्रू उडून कुठं गेला तो आजतागायत सापडलेला नाही. "काही बोलायचंय का तुम्हाला? असेल तर बोला. नसेल तर तसं बोला. पण पूर्ण बोला!"

"बोलतो. दमानं घ्या. आता हे बगा, मानसानं बोलायचं म्हंजे आधी सगळं मांडून बोलावं. तर, आमची जमीन हाय नदीकडंला—"

"धैर्यशील!"

"व्हय, व्हय. प्रियदर्शनी, मला तुमास्नी पहिल्या दिवसापास्नं एकच सांगायचं हाय. आवं, मी तुमाला—"

गेला.

ती फोनकडे बघत राहिली. शनिवार. अकरा वाजून वीस मिनिटं. आठ ते चारच्या आत. घंटी वाजली नव्हती, कारण ती वाजू नये अशी व्यवस्था तिनंच सोमवारी डोळ्यांनी बघून तशीच ठेवली होती. दुसऱ्या कुणावर चिडायलासुद्धा जागा नव्हती. तिनं कपाळावर हात मारला, इतक्या जोरात की गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, मी उद्या येतो."

भर शनिवारी बाजारपेठेत शटर खाली आलं. रसवंतीचा बैल पुन्हा थांबला.

कराडला एसटी बदलून, खिडकीशी उन्हात भाजत, मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडत ती कुंडलला उतरली तेव्हा साडेतीन वाजले होते. आणि ती ज्या गाडीतून उतरली त्याच, परत कराडला फिरणाऱ्या गाडीत चढायला दारात एक उंच माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंत ओला चिखल. एका पायात चप्पल, एक हातात.

"तुमी?" धैर्यशील म्हणाला.

"तुम्ही कुठं निघालात?"

"कोरेगावला. तुमच्याकडं."

"आज शनिवार आहे."

"व्हय."

"दिवसाची लाईट आहे."

"व्हय. पान्याची दारं मोडून तशीच सोडून आलो. पानी कुणाच्या रानात शिरलं असंल, देव जाणे."

शेताला दिवसा लाईट असताना वाफ्यावरून निघून येणारा माणूस त्या शिवारात कुणी बघितला नव्हता. स्टँडवरचे म्हातारे उठून उभे राहिले.

"ओ, चढताय का कुणी?" कंडक्टर ओरडला. कुणीच चढलं नाही. गाडी गेली.

आणि त्याच्या हातातला, घरी घाईघाईत जरासा चार्ज केलेला फोन वाजला. दोघांनीही खाली बघितलं. काचेवर ठळक अक्षरांत: राणी.

"घ्या," प्रियदर्शनी म्हणाली. आवाज बर्फाच्या कारखान्यातून आल्यासारखा. "वाट बघत असेल ती."

"ऱ्हाऊ द्या. नंतर बगतो तिचं."

"घ्या! माझ्यासमोर घ्या. सगळ्यांचे फोन बंद आणि हिचा चालू! बघितलंय मी. सोमवारीच बघितलंय. घ्या आणि बोला तिच्याशी!"

धैर्यशीलनं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग फोन उचलून स्पीकरवर टाकला. आतून एक बाई एकसुरात म्हणाली,

"आपली मोटर बंद झाली आहे. आपली मोटर बंद झाली आहे."

प्रियदर्शनीनं काचेवरचं नाव परत एकदा वाचलं.

"राणी म्हणजे…"

"विहिरीवरची मोटर. आदली महाराणी हुती, ती जळाली. मग ही राणी. तिच्या पेटीत सिमकार्ड हाय. लाईट आली का फोन करती, बंद पडली का करती. आकाराम वायरमननं बसवून दिली. म्हणला, लाईटच्या वेळात दुसऱ्या कुणाचा आवाज नगो मधी. काय काय दाबलं त्यानं फोनमधी, मला कुठं ठावं?"

"म्हणजे मी आठवडाभर," ती एकेक शब्द मोजत म्हणाली, "पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीवर जळत होते?"

"साडेसात."

"काय?"

"साडेसात हॉर्सपॉवर हाय ती."

"धैर्यशील, तू… तू ना…" 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिला कळलंही नाही. त्याला मात्र कळलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू असं सावकाश उगवलं, की पलीकडच्या बाकावरच्या दोन आज्यांनी तोंडाला पदर लावला.

"जळत हुतीस? म्हंजे घावलं हुतं तुला सोमवारीच?"

"हो! सापडलं होतं. सांगितलं नाही. झालं समाधान? आण इकडं तो फोन."

तिनं फोन हिसकावला आणि उभ्या उभ्या आकारामचं वेळापत्रक पुसायला लागली. काम करताना वर बघावं लागत नाही, ते एक बरं असतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बोल तू. काय सांगायचं होतं सकाळी? मी ऐकतेय. जमीन सोडून."

तो जवळ येऊन उभा राहिला. ओल्या मातीचा वास आला, आणि थोडासा उसाच्या पाल्याचा.

"मला तू पायजेस," धैर्यशील म्हणाला. "येवढंच."

तिचं बोट काचेवर थांबलं.

"एवढंच?"

"येवढंच. बाकीचं सारखं फोन जायचा म्हणून लांबत गेलं."

"एवढ्याला तीन आठवडे लावलेस तू? चार शब्दांना?"

"तीन हायत."

ती हसली. नको नको म्हणत, वैतागत, नाक फुगवत हसली. मग एकदम थांबली. "आणि माझं दुकान? मी ते सोडणार नाही, आधीच सांगते."

"कोण म्हणलं सोड? कुंडलात काय मोबाईल बंद पडत न्हाईत? आन कोरेगावचंच पायजे असंल तर सोमवार, मंगळवार, बुधवार मी तिकडं येईन. बाक हाय तुझ्या दुकानात, बघितलाय मी."

बाकावर दोघं बसले. चहा आला, गार झाला. कोण काय बोललं ते स्टँडवरच्या आज्यांना पाठ आहे, पण त्या सांगत नाहीत. बोलताना पाच कधी वाजले ते कळलं नाही. प्रियदर्शनीचा फोन वाजला. सुभेदार.

"सतरा शून्य शून्य. बोल."

"नाही, बाबा."

"कारण?"

तिनं धैर्यशीलकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे. फोन तिनं त्याच्या हातात दिला. तो सरळ उभा राहिला, चप्पल हातातच.

"आवं… मी कुंडलचा धैर्यशील. नमस्कार. तर आमची जमीन नदीकडंला—"

"मी जमीन विचारली नाही. कारण विचारलं."

"ते… कारण म्हंजे मीच हाय."

"ऐकू येत नाही. जोर से!"

"मीच हाय कारण!"

स्टँडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती म्हणे ताकारीला जाऊन बसली. प्रियदर्शनीनं त्याची बाही मुठीत घट्ट धरली होती. केव्हा धरली, दोघांनाही माहीत नव्हतं.

"उद्या रविवार," सुभेदार म्हणाले. "सकाळी दहा वाजता घरी. दहा म्हणजे दहा. पाटणला मी कळवतो. आणि तिला अंधार पडायच्या आत गाडीत बसव."

"उद्या दिवसाची ला—" धैर्यशील म्हणायला लागला. बाहीवरची मूठ आवळली. "येतो. येतो म्हणलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कोरेगावात सुभेदारांच्या दारावर थाप पडली. सुभेदार अर्ध्या गालाला साबण लावून उभे होते. त्यांच्या आधी कुणी कुठं पोचण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काय करायचं ते त्यांना सुचेना. दार प्रियदर्शनीनं उघडलं. केस ओले, टॉवेल खांद्यावर, कपाळावर आठी.

"दहा सांगितलं होतं."

"व्हय."

"सात वाजलेत, धैर्यशील. निघालास तरी कधी घरनं?"

तो उंबऱ्याबाहेर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही पायांत चप्पल, आणि धापा टाकत होता.

"राहवलं न्हाई," तो म्हणाला.